क्षमा केली नाही, तरी शांततेचं काम करता येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दुचाकीचा धक्का लागल्याचं निमित्त झालं आणि त्यांच्या धाकट्या भावावर कोयत्याने वार झाले. तो वाचला नाही. आरोपी गावातलेच, त्यातला एक तेव्हा सतरा वर्षांचा. खटला चालू आहे. एका आरोपीची लहान बहीण ताईंच्याच वर्गात शिकते. एका संस्थेने त्यांना शांतता परिषदेत बोलायला बोलावलंय आणि 'मी त्यांना क्षमा केली' असं त्यांनी व्यासपीठावरून सांगावं, अशी आयोजकांची इच्छा आहे. आई म्हणते, माझ्या लेकराला मारणाऱ्यांना माफी नाही. भावाचे मित्र बदल्याची भाषा करतात. ताई विचारतात, 'मला अजून क्षमा करता आलेली नाही. पण गावातला आणखी एक मुलगा असा जाऊ नये, असं मनापासून वाटतं. अशा मनाने मी शांततेबद्दल बोलले तर ते ढोंग होईल का? आणि सुरुवात कुठून करू?'

ढोंग होणार नाही. हिंसेत माणूस गमावलेल्या कुटुंबांबरोबर मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. क्षमा आणि शांततेचं काम यांची लोक इतकी घट्ट गाठ मारतात की त्यापायी किती तरी भली माणसं गप्प बसतात, हे मी पाहिलंय. आपल्यावर आलं ते दुसऱ्याच्या घरावर येऊ नये, असं वाटायला मारेकऱ्यावरचा राग संपलेला असावा लागत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो संपलेला नसतोच.

ब्रिटनमधल्या जो बेरी यांचे वडील, खासदार सर अँथनी बेरी, १२ ऑक्टोबर १९८४ ला ब्रायटनच्या हॉटेलात आयआरए या उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेने केलेल्या बॉम्बस्फोटात गेले. बॉम्ब ठेवणारा पॅट्रिक मॅगी शांतता करारानंतर १९९९ मध्ये तुरुंगातून सुटला. पुढच्या वर्षी जो बेरी त्याला भेटल्या आणि नंतर दोघं कितीतरी व्यासपीठांवर एकत्र बोलले. तरीही आपण जे करतो त्याला त्या क्षमा म्हणत नाहीत. समोरच्याला इथपर्यंत कशाने आणलं, हे समजून घेणं एवढंच त्या म्हणतात. दुसरं उदाहरण ज्यूली निकल्सन यांचं. त्या ब्रिस्टलमधल्या एका चर्चच्या धर्मगुरू होत्या. ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांत त्यांची चोवीस वर्षांची मुलगी जेनी गेली. वेदीसमोर उभं राहून लोकांना क्षमा आणि समेटाकडे न्यायचं, हेच त्यांचं काम. पण स्वतःला क्षमा करता येईना, तेव्हा त्यांनी ते पद सोडलं. मनात नसलेली क्षमा तोंडाने उच्चारायला त्या तयार झाल्या नाहीत. हा प्रामाणिकपणा मला क्षमेइतकाच मोलाचा वाटतो, आणि तुमच्या पत्रातही तो आहे.

आता कायद्याचं. तुम्ही उद्या खरोखर क्षमा केलीत, तरी खटला थांबणार नाही. खून हा नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खालचा गुन्हा आहे आणि तो पक्षकारांनी आपसात मिटवता येत नाही. फिर्याद सरकारची असते. त्यामुळे 'क्षमा केली' असं म्हणणं म्हणजे भावाच्या बाजूने उभं राहायचं सोडणं, ही जी भीती आईच्या मनात असेल, ती तुम्ही त्यांना समजावून काढू शकता. ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव तुम्हाला आठवत असेल. त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही दहा आणि सहा वर्षांची मुलं जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. त्यांनी क्षमा जाहीर केली, बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या संस्थेत पुढची काही वर्षं काम चालू ठेवलं, आणि खटला त्याच्या वाटेने गेला. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा त्यांच्या मनातली होती, शिक्षा कायद्याची होती, आणि दोन्हींची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही.

पण गावात या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र कालवल्या जातात, आणि तिथे तुम्ही फार सावध राहायला हवं. साक्षी सुरू व्हायच्या सुमारास कोणीतरी येतं. कधी भावकीतला वडीलधारा माणूस, कधी दोन्हींकडे उठबस असलेला पुढारी. 'गेलेला काही परत येत नाही, पोरांची आयुष्यं कशाला बरबाद करता, मोठ्या मनाने माफ करा.' हे ऐकायला क्षमेसारखं लागतं, पण मागणी असते साक्षीदार फितूर करण्याची. खरी क्षमा मागणारा माणूस आधी केलेलं कबूल करतो, आणि तुमच्याकडून साक्षीत काही बदलून मागत नाही. एवढी एक कसोटी लावली तरी पुष्कळसं कळतं. दबाव वाढला तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. सरकारी वकिलांमार्फत किंवा तपास अधिकाऱ्यामार्फत तिच्याखाली अर्ज करता येतो.

जिथे एक बाजू ताकदवान आणि दुसरी एकटी असते, तिथे तर क्षमेचा उपदेश मला सहनच होत नाही. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भैयालाल भोतमांगे यांची बायको, मुलगी आणि दोन मुलं मारली गेली. हा जातीय अत्याचार होता हे न्यायालयाने मान्य करावं, यासाठी ते जानेवारी २०१७ मध्ये मरेपर्यंत लढत राहिले. अशा माणसाला क्षमेबद्दल विचारणं म्हणजे सगळं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर देणं. तुमच्या प्रकरणात दोन घरांत असं अंतर आहे का, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. असेल तर ते विसरून क्षमेचा विचार करू नका.

आईचं म्हणणं वेगळं आणि तुमचं वेगळं, यानेही अपराधी वाटून घेऊ नका. इथे मला अझीम खमिसा यांच्या घराची गोष्ट सांगायची आहे, कारण ती तुमच्या गोष्टीच्या जवळची आहे. खमिसा भारतीय वंशाचे, जन्म केनियातला, स्थायिक अमेरिकेत. जानेवारी १९९५ मध्ये सॅन दिएगो शहरात त्यांचा वीस वर्षांचा मुलगा तारिक, कॉलेजात शिकता शिकता पिझ्झा पोहोचवायचं काम करणारा, गोळी लागून मेला. गोळी झाडली टोनी हिक्स नावाच्या चौदा वर्षांच्या पोराने, टोळीतल्या मोठ्या मुलाच्या सांगण्यावरून. बंदुकीच्या दोन्ही टोकांना बळीच होते, अशी खमिसांची भूमिका. त्याच वर्षी त्यांनी तारिकच्या नावाने संस्था काढली आणि टोनीचे आजोबा प्लेस फेलिक्स, ज्यांनी त्याला वाढवलं होतं, त्यांना सोबत घेतलं. मेलेल्या मुलाचा बाप आणि मारणाऱ्या मुलाचा आजोबा शेजारी शेजारी बसून शाळांतल्या मुलांशी बोलू लागले. टोनीवर प्रौढ म्हणून खटला चालला, त्याला किमान पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि तो २०१९ मध्ये बाहेर आला. क्षमेने शिक्षा थांबली नाही. पुढे त्याच्या सुटकेला मात्र खमिसांनी पाठिंबा दिला.

यातला लोक फारसा सांगत नाहीत तो भाग तारिकच्या बहिणीचा, तसरीन यांचा. वडिलांनी काही महिन्यांत जे केलं, त्याला त्यांना कितीतरी वर्षं लागली. नंतर संस्था त्यांनीच चालवली, पण वडिलांच्या वेगाने नाही. एकाच घरात, एकाच माणसाच्या मृत्यूवर, दोन वेगवेगळी घड्याळं चालतात. आईच्या वतीने तुम्हाला क्षमा करता येणार नाही आणि तुमच्या वतीने ती आईला अडवताही येणार नाही. भावाच्या वतीने तर कोणालाच करता येणार नाही. तुम्ही फार तर स्वतःवर जे आलं, तेवढ्याची करू शकता.

क्षमेवर संशोधन करणारे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या स्वतःच्या आईचा घरफोडीत खून झाला होता. ते क्षमेचे दोन भाग मानतात. एक निर्णयाचा : मी सूड घेणार नाही, समोरच्याशी माणसासारखं वागेन. दुसरा भावनेचा : मनातला कडवटपणा हळूहळू ओसरणं. पहिला आपल्या हातात असतो, दुसरा फारसा नसतो, आणि पहिला झाला म्हणून दुसरा लगेच येईल असंही नाही. हा भेद माझ्या कामात मला रोज उपयोगी पडतो. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुमचा निर्णय झालेला आहे. भावना मागे आहेत, त्यांना मागे राहू द्या.

मध्य प्रदेशातल्या राणी मारिया प्रकरणात भावना पोहोचायला किती वेळ आणि किती माणसं लागली, ते पाहा. केरळमधून आलेल्या या ख्रिस्ती जोगिणीने, म्हणजे ननने, देवास जिल्ह्यात आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या विळख्यातून सोडवायचं काम उभं केलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे जाणाऱ्या बसमधून ओढून समंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. मधली सात वर्षं कोणी मोजत नाही. त्या काळात एक धर्मगुरू तुरुंगात समंदरला भेटत राहिले, बोलत राहिले, म्हणून ती राखी शक्य झाली. २००६ मध्ये तो सुटला, त्यासाठी या कुटुंबानेही प्रयत्न केले. मग तो केरळला जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. फोटो राखीचा निघतो. त्यामागे जे खटपटीचं काम असतं ते न करता कोणी तुम्हाला एका भाषणात तिथे पोहोचायला सांगत असेल, तर त्याला त्या कामाची ओळख नाही.

सुरुवात कुठून करू, असं विचारलंय. व्यासपीठावरून नको. भावाच्या मित्रांपासून करा.

त्या मुलांच्या मोबाइलवर आत्ता तुमच्या भावाचा फोटो असेल, त्यावर गाणं, आणि खाली बदला घेण्याची भाषा. वाढदिवसाला फ्लेक्स, वर्षश्राद्धाला रील. प्रेमापोटीच करतात ती, यात शंका नाही. पण त्या रीलला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूचं रील येतं आणि मग कोणीतरी खरोखर कोयता काढतो. पुणे, सांगली, कोल्हापूर, सगळीकडच्या पोलिसांना हे ठाऊक आहे. इथे घरच्या माणसाच्या शब्दाला जे वजन आहे, ते पोलिसांच्या नोटिशीला नाही.

रॉबी डॅमेलिन या इस्रायली आईने हेच केलं. मार्च २००२ मध्ये त्यांचा मुलगा डेव्हिड राखीव सैनिक म्हणून एका नाक्यावर असताना पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्याच्या गोळीने मेला. बातमी सांगायला आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं त्याचा आशय असा, की माझ्या मुलाच्या नावाने तुम्ही कोणालाही मारायचं नाही. तेव्हा त्यांनी कोणाला क्षमा केलेली नव्हती. पुढे दोन्ही बाजूंच्या शोकग्रस्त कुटुंबांची जी संस्था १९९५ पासून चालते, तिच्या त्या प्रमुख आवाजांपैकी एक झाल्या. मारेकऱ्याच्या घरी पत्र पाठवलं, त्यावर मिळालेलं उत्तर कडवट होतं. तरी काम थांबलं नाही, कारण ते त्याच्या उत्तरावर उभं नव्हतं. त्याच संस्थेत बस्सम अरामिन हे पॅलेस्टिनी वडील आहेत. त्यांची दहा वर्षांची मुलगी अबीर २००७ मध्ये शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसाने झाडलेल्या रबरी गोळीने गेली.

मृताच्या नावाने काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत खुनाशी काडीचा संबंध नसलेल्या ब्राह्मण कुटुंबांची घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. आणि गांधीजींचे स्वतःचे मुलगे, मणिलाल आणि रामदास, नथुराम गोडसेला फाशी देऊ नका म्हणून विनंती करत होते. ती मान्य झाली नाही; नोव्हेंबर १९४९ मध्ये फाशी झाली. घरच्यांना काय हवं आहे, हे बाहेरच्या जमावाने विचारलंच नाही. तुम्ही मात्र जमाव गोळा होण्याआधी सांगू शकता. भावाच्या दोन-तीन जवळच्या मित्रांना घरी जेवायला बोलवा, आईच्या देखत. आईने क्षमेबद्दल काही बोलायची गरज नाही. 'माझ्या पोराच्या फोटोवर हे लिहू नका, तुमच्यातलं कोणी आत गेलेलं किंवा मेलेलं मला चालणार नाही' एवढं त्या म्हणाल्या, तर गावातली ती सगळ्यात मोठी शांतता मोहीम ठरेल. माझ्या अनुभवात आया हे वाक्य बोलायला तयार होतात. क्षमेचं वाक्य त्यांच्याकडून काढून घेऊ पाहणारे हे वाक्य मागायलाच विसरतात.

त्याच्या पुढचं पाऊल टाकायचं असेल तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराने काय केलं ते समजून घ्या. तिथे पोरांच्या टोळ्या आणि चाकू हा फार जुना रोग होता. पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी खास विभाग काढला आणि २००८ पासून टोळ्यांतल्या पोरांना चक्क न्यायालयाच्या दालनात बोलवायला सुरुवात केली. आधी पोलीस सांगत : तुम्ही कोण, कुठले, आम्हाला माहीत आहे. मग शल्यचिकित्सक सांगत : चाकूच्या जखमेवर टाके घालताना आम्ही काय पाहतो. मग मुलगा गमावलेली एखादी आई उठून बोलत असे. ती क्षमेबद्दल बोलत नसे. त्या दिवशी आपल्या घरात काय झालं, ते सांगत असे. शेवटी एक फोन नंबर दिला जाई, ज्यावर नोकरी, प्रशिक्षण, व्यसनमुक्ती यांची मदत मिळे. हा शेवटचा भाग नसेल तर आईचं रडणं वाया जातं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या शांतता परिषदांत नेमका तोच नसतो. तुमच्या तालुक्यात पोलीस निरीक्षक, ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर, आयटीआयचे प्राचार्य आणि गणेश मंडळांचे अध्यक्ष, एवढी माणसं विसर्जनाच्या महिनाभर आधी एका खोलीत बसवता आली, तर परिषदेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

वर्गातल्या त्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिला खास जवळ घ्यायची गरज नाही, आणि वर्गासमोर तर मुळीच नको. तिची वही तपासताना, हजेरी घेताना, स्नेहसंमेलनात भूमिका देताना ती इतरांसारखीच राहील, एवढं बघा. एखाद्या दिवशी तिच्याकडे बघवत नसेल, तर दुसऱ्या शिक्षिकेला तास घ्यायला सांगा. मुख्याध्यापकांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी कारण सांगत बसावं लागणार नाही. तिच्या घरचं कोणी शाळेत भेटायला आलं तर एकटीने भेटू नका.

आईच्या कामाचं थोडं. पीडित या नात्याने कायद्याने त्यांना बरंच काही दिलंय. त्या स्वतःचा वकील लावून सरकारी वकिलांना मदत करू शकतात. जामिनाच्या अर्जावर त्यांचं म्हणणं ऐकलं जावं, हे सर्वोच्च न्यायालयाने लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आरोपी सुटले तर अपील करण्याचा हक्क त्यांना आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भरपाई योजनेचा अर्जही तिथेच करता येतो. ज्या घराला न्यायालयात आपलं कोणीतरी ऐकतंय असं वाटतं, त्या घरातला सुडाचा जोर कमी होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तुमच्या स्वतःच्या प्रकृतीकडेही बघा. अशी गोष्ट लोकांसमोर सांगणं शरीराला महाग पडतं. सांगून आल्यावर दोन दिवस झोप न लागणं, ढोल-ताशाच्या आवाजाने धडधडणं, हे होऊ शकतं. सगळी गोष्ट प्रत्येक वेळी सांगायची नाही. कोणता भाग सांगायचा आणि कोणता फक्त घरचा, हे आधी कागदावर ठरवा. भाषणाच्या दिवशी सोबत एक माणूस असा हवा, जो तुमच्याकडे बघून 'चला' म्हणू शकेल. वर्ष उलटल्यावरही रोजची कामं अडत असतील किंवा जगावंसं वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिली ती परिषद. आयोजकांना लेखी कळवा की तुम्ही भावाबद्दल आणि गावातल्या तरुणांबद्दल बोलाल, क्षमेबद्दल विचारू नये, आणि पत्रिकेवर किंवा फ्लेक्सवर 'क्षमाशील भगिनी' असलं काही छापू नये. आईचं नाव आणि फोटो त्यांच्या संमतीशिवाय कुठेही नको. त्यांना हे पटत नसेल तर जाऊ नका. जाणार असाल, तर सतरा वर्षांच्या त्या मुलाचं नाव, शाळा, घर यांचा उल्लेख चुकूनही करू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली त्याची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि तुम्ही या खटल्यात साक्षीदार असाल, तर तुमची साक्ष आणि उलटतपासणी पूर्ण होईपर्यंत घटनेच्या तपशिलाबद्दल व्यासपीठावर काहीही बोलू नका. त्या भाषणाचं रेकॉर्डिंग आरोपींचे वकील तुमच्यासमोरच ठेवू शकतात. जाण्याआधी सरकारी वकिलांना एकदा विचारून घ्या.